चूल खिडकीखाली होती, किंवा नव्हती

एका प्रश्नाला एकच उत्तर असतं असा ज्यांचा गैरसमज असेल, त्यांनी लालबागला माझ्या आत्याच्या शेजारच्या काकांकडे चार दिवस राहून यावं. कुणी नुसता मसाला कुटून देणाऱ्या डंकाचा रस्ता विचारला तरी हे गृहस्थ सरळ सांगत नाहीत. गॅलरीत उभं राहून वरच्या मजल्याला विचारतात, खालच्याला विचारतात, जिन्यात सापडलेल्या पोस्टमनला थांबवतात, आणि सगळ्यांचं ऐकून झालं की म्हणतात, "सगळे बरोबरच बोलतायत. जा तू." आत्याकडे निघालेले एक पाहुणे त्यांच्या मदतीने थेट चिंचपोकळीला पोचले होते. घरात भाजी कुठली करायची यावरही ते शेजाऱ्यांची मतं घेत, त्यामुळे काकूंनी त्यांच्यासमोर 'आज काय करू' म्हणणंच सोडून दिलं. एकदा मी वैतागून विचारलं, "काका, तुम्हाला स्वतःचं मत नाही का?" तर म्हणाले, "आहे ना. पण गिरणी बंद झाली तेव्हा बाबांना कुणी विचारलं नव्हतं गं. तेव्हापासून मी आपला विचारून घेतो." आणि लगेच आत्याला हाक मारून, आज उकडतंय की मलाच वाटतंय, तेही विचारून घेतलं.

अशा माणसाच्या हाती इतिहास द्यावा हे कुणाला सुचलं, ते मला अजून कळलेलं नाही. आत्याची आणि काकांची चाळ पाडून तिथे टॉवर उभे राहणार होते. एकच इमारत राखायची आणि तिच्यातल्या एका खोलीत गिरणी कामगाराचं घर जसं होतं तसं मांडायचं, असं ठरलं. एका संस्थेच्या बाई हे काम बघत होत्या. रहिवाशांना सोबत घेऊनच सगळं करायचं हा त्यांचा आग्रह, म्हणून काका. आणि फलक लिहायला मी. रविवारपर्यंत खोली लावून झाली नाही, तर तिथे बिल्डरचं ऑफिस येणार होतं.

मी पहिलंच वाक्य लिहिलं, 'चूल खिडकीखाली असे.' काकांनी ते तळमजल्यावरच्या मालवणी आजींना वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "हयसरच होती चूल. माका शिकयतंस?" मग काकांनी समोरच्या खोलीतल्या ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे चूलच नव्हती, स्टोव्ह होता, तो पण दाराशी. आणि या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. तो नसेल, तर आम्ही या चाळीत राहिलोच नाही असं होईल ना?" काका म्हणाले, "दोघी बरोबर." फलकावर 'असे'च्या पुढे 'किंवा नसे' आलं. चूल मांडली, स्टोव्ह मांडला, फोटो लागला. ही बातमी पसरली आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटायला लागलं, आपलं काहीतरी आत हवं. पाटा-वरवंटा आला, भजनाचे टाळ आले, पत्र्याच्या ट्रंका, पाळणा, कॅरमबोर्ड, आणि वळकट्या तर येतच राहिल्या. शनिवारी बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "काका, कुठेतरी निवड करावी लागते हो."

"करतो की," काका म्हणाले. "कुणाला नाही म्हणायचं तेवढं सांगा. आत्ता जाऊन त्याला विचारतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी फलकाकडे. त्यावर तोवर इतके 'किंवा' झाले होते, की ही खोली कुणाची, हेच मला उमगेना.

रविवारी खोली बघायला पाहुणे आले आणि आत पाय ठेवायला जागा नाही! बाईंचा चेहरा उतरला. बिल्डरचा माणूस दारातून डोकावून हसला. खोली हातची गेली, असं मी धरून चालले. काका तर पांढरेफटक पडले होते. जागा करावी म्हणून त्यांनी आतली एक वळकटी उचलली, कुठे ठेवायची ते सुचेना, तेव्हा ती गॅलरीतच अंथरली आणि पाहुण्यांना म्हणाले, "तुम्ही बसा तोवर."

ते बघून आजी एकदम म्हणाल्या, "आता कसा बरोबर दिसता! बापये भायरच निजत."

"हो ना," ताई म्हणाल्या. "आमचे अप्पा पण इथेच झोपायचे. आत आम्ही पोरी आणि हे सगळं सामान."

गॅलरीभर माना हलल्या. पाहुणे ओळीने खाली बसले, दारातून आत बघत आजींना आणि ताईंना एकेक विचारू लागले. बाई मला हळूच म्हणाल्या, "आता कशालाही हात लावू नका." बिल्डरचा माणूस निघून गेला. खोली वाचली.

काका मात्र पार गोंधळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळे एकच बोलत होते आणि त्यांना ते पचत नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणाला विचारायचं राहिलं नाही ना गं?"

मी म्हटलं, "नाही काका. सगळ्यांना विचारून झालं."

"बाबा राहिले," ते म्हणाले. "ते तिकडे झोपायचे, जिन्याजवळ. जन्म काढला तिथे."

ही जागा चालेल का, असं ते आता मला विचारतील, मग आजींना, मग ताईंना, म्हणून मी थांबून राहिले. पण काका खोलीत गेले, आणखी एक वळकटी घेऊन आले, आणि कुणालाही न विचारता त्यांनी ती जिन्याजवळ अंथरली.