आईची खाट, आईचाच वॉर्ड

माझी आई रोह्यात एका डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात आया होती. आम्ही वरसे गावात राहायचो. सकाळी डबा घेऊन ती चालत निघायची. बायकांच्या वॉर्डातली सगळी उस्तवार तिच्याकडे. उठता न येणाऱ्यांचं अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, फरशी धुवायची. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टरसुद्धा.

मी बारावीत होते. ट्रेमधला घाण कापूस उचलताना तिच्या अंगठ्यात वापरलेली सुई घुसली. हातमोजे ऑपरेशनपुरतेच असायचे. तिने अंगठा नळाखाली धरला आणि रक्त थांबल्यावर पुन्हा कामाला लागली. घरी काही बोलली नाही. हे मला पुढे तिथल्या सिस्टरनी सांगितलं.

दोन-तीन महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. आधी गावठी औषध केलं. मग अन्न पोटात ठरेना, तेव्हा रिक्षात घालून तिच्याच दवाखान्यात नेलं. सिस्टर केसपेपर घेऊन आल्या. लिहायला लागल्या आणि पेन थांबलं.

"मावशीचं नाव काय गो?" त्यांनी मला विचारलं. नऊ वर्षं दोघी एकत्र काम करत होत्या. मी नाव सांगितलं. सिस्टरनी मान खाली घालून लिहून घेतलं.

कावीळ बहुतेक त्या सुईतूनच आली, असं डॉक्टर म्हणाले. मुंबईला हलवायला हवं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईने सवयीनं हाक मारली, "मावशे, भांडं दे गो." तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आई कोपरावर भार देऊन उठायला लागली.

"आई, झोप तू. मी देते."

"तुला नाय जमायचं."

"जमेल."

ती परत आडवी झाली आणि मला पडल्यापडल्या सांगत राहिली. "आधी भांड्यावर गरम पाणी ओत. थंडगार लागतं गो बाईला. आता कमरेखाली हात घाल. ओढू नको, टाके हायत. आणि तोंड तिकडं कर, तिला लाज वाटते."

मी तोंड भिंतीकडे केलं. नाकाला ओढणी लावावीशी वाटत होती, पण आई बघत होती. काम झाल्यावर तिने विचारलं, "हात धुतलेस? साबणानं?"

त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. ग्लानीत गेली. मुंबईच्या गाडीची जुळवाजुळव चालली असतानाच, तिसऱ्या दिवशी सकाळी, ती गेली. तिच्या अंगाखालची चादर बदलायला त्या दिवशी आया नव्हती. सिस्टरनी आणि मी बदलली. सिस्टर रडत होत्या, डॉक्टर दारात नुसते उभे होते.

पुढच्या वर्षी मी पेणच्या कॉलेजात जायला लागले. एसटीत शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, "तुझी आई काय करायची?"

"नर्स होती," मी म्हणाले.

तिने आदराने मान हलवली. बस चालली होती. मी खिडकीकडे तोंड केलं, ते पेण येईपर्यंत.