कागदी निंबूच्या पाल्याची भट्टी

नांदुऱ्याजवळच्या आमच्या भट्टीत कागदी निंबूच्या पाल्याचं तेल काढतात. ते जातं मुंबईला, सेंटमध्ये घालायला. तेल येतं थेंबाथेंबानं, किस्से मात्र बादलीभर! मालक सुधाकरभाऊ, भट्टी सांभाळणाऱ्या विमलताई आणि गावोगाव पाला गोळा करणारा मी. तिघांत स्वस्थ बसणारं माणूस एकच, विमलताई.

*

मी पुण्यात शिकून नवाच आलो होतो. एका शेतकऱ्याला ऐटीत फोन केला, "काका, लिंबाचा पाला पाठवा, अर्जंट!" पाला ढिगात तापला की वास बिघडतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पुन्हा फोन. दुपारी ट्रॉली आली. गच्च कडुनिंब!

"काका, हे काय?"

"तुमीच लिंबाचा म्हनले ना? निंबूचा म्हनले असते त निंबूचा आनला असता!"

*

वाफ धरली की सुधाकरभाऊंचा जीव टाकीत अडकतो. पाच मिनिटांत सात चकरा. "झालं का? आलं का तेल?" एकदा तर झाकणच उघडायला निघाले.

विमलताईंनी हात धरला. "भाऊ, पानी उकळून राह्यलं. तुमी नका उकळू!"

*

सँपलची बाटली घेऊन मी एसटीनं मलकापूरला निघालो. बूच ढिलं निघालं, सगळं तेल शर्टावर! बसभर वास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून एक बाई आल्या.

"दादा, माह्या सासूले मळमळून राह्यलं. जरा तिच्याजवळ येऊन बसता का?"

बसलो. आजी खुलल्या. मग पुढच्या सीटवरून बोलावणं! मलकापुरात उतरलो तेव्हा बाटली रिकामी होती, पण तीन जणांनी पत्ता विचारला. भट्टीचा नाही, डॉक्टर समजून माझ्या दवाखान्याचा!

*

आणि मुंबईहून सेंट बनवणाऱ्या बाई आल्या तो दिवस. वर्षभराची ऑर्डर त्यांच्या हातात. सुधाकरभाऊ सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. बाईंनी वास घ्यायची कागदाची एक पट्टी त्यांच्यापुढे धरली. भाऊंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"झकास! एकदम ताजा माल!"

बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही पट्टी कोरी आहे. तेलात अजून बुडवलीच नाही."

भाऊ मटकन खुर्चीत बसले. पहिल्यांदाच बसलेले पाहिले मी त्यांना. "मांगं मोठा ताप आला होता ना, तवापासून वासच येत नाई मले. दीड वर्स झालं."

"मले मालूम होतं," विमलताई म्हणाल्या. "तुमच्या चहात तेल सांडलं होतं. तुमी पिऊन म्हनले, चहा चांगला झाला."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी काऊन नाई बोलले?"

बाईंनी तीन पट्ट्या तीन वेगवेगळ्या तेलांत बुडवून विमलताईंना दिल्या. ताईंनी एकेक हुंगली. "हा आपला. हा दुसऱ्याचा. अन् हा बी आपलाच, पन पाला तापलेला. हा नका घेऊ."

ऑर्डर मिळाली. अट एकच: विमलताईंनी हुंगल्याशिवाय डबा निघायचा नाही.

बाईंची गाडी गेली. भाऊंनी टेबलावरची एक पट्टी उचलली, नाकाशी धरली. बराच वेळ.

"कसा हाय वो, ताई?"

"कोवळं पान हातात चुरगाळलं, तसा. मांगून जरासा कडू."

"हाव," भाऊ म्हणाले. "कडू हाय जरासा."