दिवाळीपर्यंत खेळ

शाळेतून फोन आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. फोन आमच्या दहावीच्या बाईंचा होता. नवीन दहावीच्या मुलांशी बोलायला त्या आम्हा जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जणांना बोलावत होत्या. विषयही त्यांनीच ठरवला होता: आज तुम्ही पुन्हा दहावीत असता, तर स्वतःला काय सांगितलं असतं? भाषण नको, मनातलं बोल, असं त्या म्हणाल्या. मी लगेच हो म्हणाले. शाळा सुटल्यापासून मला कुणी असं मुद्दाम कुठे बोलावलं नव्हतं.

आमचं घर निघोज्यात. गावातल्या बऱ्याच घरांसारख्या आमच्याही मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्या आहेत. वडिलांचा टेम्पो आहे. एका कंपनीतले सुटे भाग दुसऱ्या कंपनीत पोचवायचं काम असतं. माझं कॉलेज आकुर्डीला. सकाळी गावातून निगडीपर्यंत एक बस आणि तिथून पुढे दुसरी. घरातून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शाळेने मला बोलावलं याचं कुणाला नवल वाटलं नाही. आईने फक्त जीन्स घालून जाऊ नको एवढं सांगितलं.

आम्ही तिघे होतो. माझ्या आधी कॉमर्सचा एक मुलगा बोलला, मग नर्सिंगला गेलेली एक मुलगी. त्याने पाठांतर करू नका म्हणून सांगितलं, तिने इंग्रजी रोज मोठ्याने वाचा म्हणून. मुलं शहाण्यासारखी ऐकत होती, म्हणजे बहुतेक ऐकत नव्हती. मी गणिताबद्दल बोलायचं ठरवून आले होते. पण उभी राहिले आणि खिडकीतून मैदान दिसलं. कबड्डीच्या पट्ट्या नुकत्याच आखल्या होत्या, फक्की अजून पांढरीशुभ्र होती. मी गणित सोडून कबड्डीबद्दलच बोलायला लागले.

सहावीपासून नववीपर्यंत मी शाळेच्या संघात होते. डावा कोपरा माझा. चढाई करणारी मुलगी आत आली की तिचा घोटा धरायचा, हे माझं काम, आणि ते मला चांगलं जमायचं. दहावीला मी खेळ सोडला. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. दहावी आली की मुलींचा खेळ बंद होतो हे सगळ्यांना ठाऊकच असल्यासारखं होतं. खेळाच्या सरांनी विचारलं तेव्हा मी येणार नाही म्हणाले. ते बरं म्हणाले, आणि ते तिथेच संपलं.

पुढे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मुलींच्या संघात एक जण कमी पडत होती म्हणून मी गेले. पहिल्या दिवशी एक चढाई करणारी मुलगी माझ्या समोरून निघून गेली आणि मी मॅटवर तशीच बसून राहिले. कुठे जायचं ते मला आधीसारखंच कळत होतं, पण पाय मागून यायचे. तरी मी जात राहिले. कॉलेजमधल्या माझ्या सगळ्यात चांगल्या आठवणी त्या संध्याकाळींच्या आहेत.

हे सगळं मी मुलांना सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "मी आज दहावीत असते तर स्वतःला सांगितलं असतं, कबड्डी सोडू नकोस. मार्क तेवढेच पडतील."

यावर मागच्या बाकांवर जरा हालचाल झाली. बाई हसल्या आणि घाईघाईने अभ्यासाच्या वेळापत्रकाकडे वळल्या.

निघताना व्हरांड्यात एक मुलगी माझी वाट पाहत उभी होती. उंच, सडसडीत, कोपर खरचटलेलं. ती संघातली मुख्य चढाईपटू होती, हे तिने स्वतःच सांगितलं. मग तिने विचारलं, "ताई, खरंच मार्क तेवढेच पडले असते का?"

मी हो म्हणाले.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. ती इतकी खूश झाली की मलाही बरं वाटलं. घरी येताना आपण काहीतरी चांगलं केलं असंच माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या रविवारी दुपारी तिची आई आमच्या घरी आली. तशा त्या आम्हाला तोंडओळखीच्या होत्या, गावच्याच. एका कंपनीत पॅकिंगला जायच्या. कंपनीची सुट्टी गुरुवारी असल्यामुळे रविवारीही त्या पहिल्या शिफ्टहून परत येत होत्या आणि घरी न जाता सरळ आमच्याकडे आल्या होत्या. अंगावर कंपनीचा निळा कोट होता. आईने चहा टाकला. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या.

चहा होईपर्यंत त्यांनी काय झालं ते सांगितलं. मुलीने सरांना वर्षभर खेळणार म्हणून कळवून टाकलं होतं. सरावाची आणि क्लासची वेळ एकच, म्हणून क्लासला जाणंही बंद केलं होतं. घरी कुणी काही बोललं की तिचं एकच उत्तर, इंजिनिअरिंगवाली ताई म्हणाली. मी क्लास सोडायला सांगितलं नव्हतं, तसं मी म्हणाले. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून माझ्याकडे बघत विचारलं, "तू दहावीला खेळ सोडला व्हता ना?"

"हो."

"आन आता इंजिनेर व्हायला लागली."

"हो."

"मंग तुला कसं कळलं, न सोडता बी तेवढंच झालं असतं?"

आईसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत होती, तिलाही ते ऐकायचं होतं. कॉलेजात आम्ही एवढं काय काय शिकतो, एका गोष्टीमुळे दुसरी झाली की नाही ते कसं तपासायचं हेही शिकतो, पण हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

"मला माहीत नाही, काकी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "माझं म्हननं एवढंच हाय. तुझ्या मनाला वाटलं ते तू सांगितलं, त्यात वाईट काय न्हाई. पन नक्की म्हनू नये. पोरी धरून बसत्यात."

एवढं बोलून त्या उठल्या. दारात चपला घालताना माझ्या आईशी पाण्याच्या टँकरबद्दल चार शब्द बोलल्या आणि गेल्या.

आईने कप उचलले, आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "तू खेळ सोडला तवा महिनाभर नीट जेवत नव्हतीस."

मला हे आठवतही नव्हतं. मी विचारलं, मग तू तेव्हा काही बोलली का नाहीस.

"मला वाटलं अभ्यासाचं टेन्शन हाय. तू कुठं म्हनली, मला खेळायचंय म्हनून? म्हनली असतीस तर तुझ्या बापाला सांगितलं असतं. एवढं काय व्हतं त्यात."

मला ते ऐकून धक्काच बसला. इतकी वर्षं मी धरून चालले होते की घरचे मला खेळूच देणार नव्हते. आता आठवायला गेले तर घरी मी तो विषयच कधी काढला नव्हता. सरांना मी स्वतःहून नाही म्हणाले होते. दहावीतल्या मला खरं तर काही सांगायचंच असेल तर ते कबड्डीबद्दल नव्हतं, घरी तोंड उघड एवढंच होतं.

दोन दिवसांनी कॉलेजहून येताना मी त्या मुलीच्या घरी गेले. ती दारातच बसून बुटांच्या नाड्या बांधत होती, सरावाला निघाली होती. तिची आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी मुलीला म्हणाले की मार्कांचं मी जे बोलले ते मला माहीत नव्हतं, उगाच नक्की म्हणाले. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे सोडू?"

"तसं मी म्हणत नाही. तुला काय हवंय ते आईला सांग. सरांना सांगून टाकून मग आईला नुसतं कळवू नकोस. आधी आईला विचार."

ती आईकडे बघेना. बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. मग खाली बघतच म्हणाली की तिला या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत खेळायचंय, गेल्या वर्षी त्यांचा संघ पहिल्याच फेरीत हरला होता आणि शेवटच्या चढाईत तीच बाद झाली होती. हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं हे तिच्या आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मेथीची जुडी हातात तशीच राहिली होती.

"कवा हाय ती स्पर्धा?" आईने विचारलं.

दिवाळीच्या आधी, मुलगी म्हणाली.

"मंग दिवाळीपर्यंत खेळ. दिवाळीनंतर बंद. आन क्लास बुडवायचा न्हाई, वेळ बदलून घे."

"जिल्ह्याला गेलो तर?"

"आधी तालुका तर जिंका," आई म्हणाली, आणि मेथी पुन्हा निवडायला घेत, "गेलात तर तवर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन तू रविवारी हिचं गणित घे. तूच सुरू केलंय हे."

नाही म्हणायची सोय नव्हती. तेव्हापासून रविवारी सकाळी ती आमच्याकडे यायला लागली. बीजगणित तिला बरं जमायचं. भूमितीतली प्रमेयं म्हणजे मात्र तिला उगाच मारलेला फेरा वाटायचा. जे चित्रात दिसतंय ते परत सिद्ध कशाला करायचं, हा तिचा दर रविवारचा वाद. मी समजावत राहायचे आणि ती आईने ठेवलेले भाजके शेंगदाणे संपवत राहायची. कधी कधी दोन्ही आघाड्यांवर ती जिंकायची. मधेच उठून ती अंगणात मला पकड कशी सोडवायची ते दाखवायची आणि पुन्हा येऊन बसायची.

तालुक्याचे सामने चाकणला होते. मी कॉलेज बुडवून गेले. तिची आई शिफ्ट बदलून आली होती. मुलीला खेळताना तिने कधी पाहिलं नव्हतं. शाळेच्या मैदानात काय चालतं ते तिला फक्त कपड्यांवरच्या मातीवरून माहीत. ती माझ्या शेजारी बसली आणि नियम विचारत राहिली. बोनस म्हणजे काय, ही बाहेर का गेली, ती आत कशी आली. पोरगी चढाईला गेली की मात्र बोलणं थांबायचं. एकदा चौघींनी मिळून तिला दाबून धरलं तेव्हा आई उभी राहिली. पोरगी हात लांब करून मधल्या रेषेला टेकली, पंचांनी शिट्टी वाजवली, आणि आई खाली बसली.

"लागलं असंल का?" तिने मला विचारलं. मी नाही म्हणाले, पण माझ्या आवाजात खात्री नव्हती.

पहिले दोन सामने आमच्या शाळेने जिंकले. तिसऱ्यात समोरचा संघ फार चांगला होता. हरलो. मुली नळावर तोंडं धूत होत्या, एकदोघी रडत होत्या. ती रडत नव्हती. आईजवळ येऊन म्हणाली, भूक लागलीय. आम्ही तिघींनी स्टँडसमोर वडापाव खाल्ला. आईने तिच्या कोपरावरची माती पदराने पुसली आणि घरी गेल्यावर हळद लाव म्हणाली. खेळाबद्दल त्या दोघी एक शब्द बोलल्या नाहीत, निदान माझ्यासमोर.

दिवाळीनंतर तिने खेळ थांबवला. कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही. रविवारी ती आधीसारखीच येत राहिली आणि भूमितीशी भांडत राहिली, फक्त आता ते भांडण जरा लांबायचं, कारण सरावाला जायची घाई नव्हती.

निकाल चांगला लागला. तिच्या आईने मनात धरलं होतं त्याहून थोडा कमी, आणि बाईंनी धरलं होतं त्याहून थोडा जास्त. भूमितीत ती पडायची तेवढी मागे पडलीच. त्यातलं किती खेळामुळे आणि किती प्रमेयांच्या रागामुळे, हे मी बराच वेळ मनाशी जुळवून पाहिलं. काही कळलं नाही. तिने सायन्स घेतलं नाही. कॉमर्सला जायचंय हे तिने घरी बसून स्वतः सांगितलं. तेव्हा मी तिथे नव्हते. मला नंतर कळलं. एका संध्याकाळी बोलणं झालं, दुसऱ्या संध्याकाळी परत झालं, आणि ती चाकणच्या कॉलेजात गेली.

मला वाटलं होतं, अकरावीला ती लगेच संघात जाईल. तिच्या कॉलेजचा मुलींचा संघ चांगला आहे. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती हसून म्हणाली, "आता नाही वाटत, ताई. खूप खेळून झालं."

मला जरा वाईट वाटलं, ते तिच्यासाठी की माझ्यासाठी ते मला नीट सांगता येणार नाही. माझं खेळून झालं नव्हतं म्हणून मला अजून मॅटवर जावंसं वाटतं. तिचं झालं होतं. ती आता कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर संध्याकाळी अकाउंटिंगचा कोर्स करते आणि त्यातलं मला काही विचारत नाही, कारण ते मला येत नाही.

परवा सकाळी तिची आई बसस्टॉपवर भेटली. तिची दुसरी शिफ्ट होती, पण त्याआधी बँकेत काम होतं म्हणून लवकर निघाली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "तू सांग की तिला खेळायला. चांगली खेळायची. आता नुसती त्या कॉम्प्युटरपुढं बसून असती."

"तुम्हीच सांगा ना, काकी."

"मी सांगितलं. ऐकत न्हाई. तुझं ऐकल."

मी हसले आणि आता मी काही सांगणार नाही म्हणाले. तिलाही हसू आलं. बस आली, गर्दी होती, पण पुढे दोघींना मिळून एक सीट मिळाली. चाकणचा फाटा येईपर्यंत ती मला त्यांच्या लाइनवर नवीन आलेल्या सुपरवायझरबद्दल सांगत होती. पोरगा तुझ्याच वयाचा हाय, म्हणाली, आन बायकांशी बोलायला लाजतो.