खूण म्हणायचं, दोष नाही

आमच्या कारखान्यात अणुवीज केंद्रांसाठी पाइप आणि टाक्या बनतात, आणि त्यांच्या वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे तपासणं हे माझं काम. दिवसभर उजेडाच्या पेटीसमोर बसून काळ्या-करड्या फिल्म बघायच्या. कुठं डाग दिसला की कोड उघडायचा. कोड म्हणजे नियमांचं जाडजूड पुस्तक. किती जाडीच्या जोडात केवढा डाग चालतो आणि केवढा चालत नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. नवीन आलेला कुणी फिल्म हातात घेतल्याबरोबर "मॅडम, दोष आहे" म्हणाला की माझं डोकं फिरतं. मोजून, कोडशी ताडून होईपर्यंत ती नुसती खूण असते. "खूण म्हणायचं, दोष नाही," हे मी इतक्या वेळा ओरडलेय, की माझी पाठ वळली की पोरं ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

दुसरा नियम त्याच्याही आधीचा. जोड तपासण्यापूर्वी फिल्म तपासायची. तिच्यावर बोटांचे ठसे असतात, ओरखडे असतात, कधी भलत्याच वस्तूची सावली पडलेली असते. तसलं काही दिसलं तर जोडाबद्दल तोंड उघडायचं नाही. एक्स-रे पुन्हा काढायचा.

हे सगळं मला चांगलं पाठ होतं, आणि जालन्याच्या दवाखान्यात त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

आई गावी, धावड्याला एकटी राहते. वडील गेल्यावर माझी म्हणून तीच उरली. सोयाबीनच्या मळणीपासून तिचा खोकला हटत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत गेले, तर रात्रीच्या जेवणात दर घासाला खोकत होती. मी दुसऱ्याच दिवशी जालन्याला जायचं ठरवलं.

"धुळीचा खोकला हाये, जाईल आपोआप," ती म्हणाली. "उगंच खर्चा कशाला करून राह्यली तू?"

खांदा धरल्यामुळे तिचा हात वर जात नव्हता, म्हणून ती केसांचा कसाबसा बुचडा बांधायची. असल्या अवतारात मी तिला शहरात नेणार नव्हते. अंगणात पुढ्यात बसवलं, तेल लावलं आणि घट्ट वेणी घातली. या वयातही तिचे केस माझ्यापेक्षा दाट आहेत. वेणी चांगली मनगटाएवढी झाली. आईनं ती दोनदा चाचपून बघितली आणि नावं ठेवली नाहीत, म्हणजे आवडली होती.

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्यानं तिला गळ्यातलं आणि कानातलं काढायला लावलं. ते मुठीत धरून मी बाहेर थांबले. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि मला एकटीला आत बोलावलं.

"ताई, उजव्या बाजूला वर डाग दिसतोय. जुना टीबी असेल, किंवा..." ते थांबले. "आत्ता काही सांगता येणार नाही. सीटी स्कॅन करून घेऊ."

त्या 'किंवा'च्या पुढचं मी स्वतःच भरून टाकलं. बाहेर बाकावर आईशेजारी बसल्या बसल्या मी मनातच तिला मुंबईला नेलं, उपचार सुरू केले, तिचे केस जाताना पाहिले आणि धावड्याच्या घराला कुलूपसुद्धा लावलं. लोखंडाच्या बाबतीत कधी केला नव्हता एवढा उतावळेपणा मी आईच्या बाबतीत केला.

"काय म्हणला डॉक्टर?" आई म्हणाली. "जल्दी सांग. मला भूक लागून राह्यली."

मला तिचा भयंकर राग आला. इथं मी घराला कुलूप लावून बसले होते आणि हिला खायचं सुचत होतं. काहीतरी करायचं म्हणून मी उठले आणि डॉक्टरांनी हातात दिलेली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. फुफ्फुसातलं मला काही कळत नाही. पण डोळ्यांना सवय असते, ते कडा शोधतात. एखादी खूण जोडातून निघून शेजारच्या पत्र्यावर गेली, तर ती जोडाचीच आहे का, हे आधी विचारावं लागतं. आणि हा डाग गळ्याच्या हाडावरून सरळ मानेकडे चढला होता. फुफ्फुस काही मानेपर्यंत जात नाही. शिवाय डागाच्या आत तिरक्या रेघा होत्या, एकीवर एक चढलेल्या.

मी वळून बघितलं. वेणी उजव्या खांद्यावरून पुढं घेऊन आई तिचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"आई, एक्स-रे काढताना वेणी कुठं होती?"

"कुठं म्हंजे? हितंच. पाठीला टोचून राह्यली म्हणून पुढं घेतल्ती."

"त्यानं बाजूला घे म्हटलं नाही?"

"गळ्यातलं काढ म्हणला, कानातलं काढ म्हणला. वेणीचं कुठं म्हणला?"

मी दार न वाजवताच डॉक्टरांच्या खोलीत घुसले. त्यांनी फिल्म पुन्हा लावली, आईकडे बघितलं, आणि "पुन्हा काढू, चला," म्हणत स्वतःच आमच्याबरोबर आले. तिथल्या नर्सनं वेणी उलगडून सगळे केस डोक्यावर बांधले. दुसरी फिल्म येईपर्यंत मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं, ते आता सांगत नाही.

दोन्ही बाजू स्वच्छ होत्या.

"मावशी, तुमच्या छातीत वेणी होती," डॉक्टर हसत म्हणाले. "धुळीचाच खोकला दिसतोय. औषध देतो. थांबला नाही तर मात्र परत यायचं."

मी तिथंच, त्या खोलीत, सगळ्यांसमोर रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"आता काय झालं रडायला?" आई म्हणाली. "चांगलंच सांगून राह्यले ना ते? मी म्हणलं न्हवतं, धुळीचा हाये?"

बाहेर आल्यावर तिनं भजी खाल्ली, चहा घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "घाल पुन्हा. त्यांनी पार इस्कटून टाकली."

माझं चित्त अजून त्या फिल्ममध्येच होतं. पेड हातात ठरत नव्हते, आणि वेणी झाली ती सैल, वेडीवाकडी. आईनं ती खांद्यावरून पुढं घेऊन चाचपली.

"बिलकुल ढिल्ली झाली," ती म्हणाली. "सकाळची कशी बराबर आल्ती. फोटोतबी आल्ती."