चौथा कोपरा

कंधारात शिवकन्याबाईंकडून गोधडी शिवून घ्यायची तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागत. जुनी लुगडी स्वच्छ धुऊन द्यायची, आणि गोधडी कधी होणार हे विचारायचं नाही. विचारलं की बाई म्हणत, "तिला वाटंल तवा होईल. लईच थंडी वाजून राहिली तर बाजारातून चादर घे."

बाई डावऱ्या. कडेला घातलेला त्यांचा तिरका टाका साऱ्या गावाच्या उलट्या बाजूला झुकायचा. कड बंद करताना चारी कोपऱ्यांत ज्वारीचे पाच-पाच दाणे ठेवायचे, हा त्यांच्या आईकडून आलेला रिवाज. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला खाते, असं आई सांगायची. दाण्यांचं गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. ते ठाऊक होतं फक्त बाईंना आणि त्यांच्या एकुलत्या लेकीला, शिल्पाला. शिल्पा लग्न होऊन लातूरला गेली. तिचा नवरा बजरंग पोरांना परदेशी नोकरीला पाठवायचा. त्याला भाकरी चालत नाही म्हणून लेकीच्या घरात ज्वारीचा दाणा येत नाही, एवढीच बाईंची जावयाबद्दल तक्रार होती.

सहा वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीतला सुदर्शन नोकरीसाठी वणवण फिरत होता. बाईंनीच त्याला जावयाकडे पाठवला. निघताना त्याच्या बॅगेत नवी गोधडी कोंबली.

"मावशे, तिकडं थंडीच नसते म्हनतेत."

"थंडी नसली तर खाली घाल. माझी गोधडी हाय, ऊब देती अन पाठबी सांभाळती."

सुदर्शन एक रात्र लातुरात बजरंगच्या घरी थांबला आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसला. समुद्रापलीकडच्या त्या देशात उतरल्यावर अधिकाऱ्यांनी गोधडी मधोमध फाडली. आत गर्दच्या चपट्या पुड्या निघाल्या.

मग पोलिसांतले दोन साहेब बाईंच्या दारात आले. मोबाइलवर नखाएवढा फोटो दाखवून विचारलं, "ही गोधडी तुमचीच का?"

असला प्रश्न बाईंना त्यांच्या जन्मात कोणी विचारला नव्हता. त्या उसळल्या. "ह्या जिल्ह्यात असा टाका दुसरं कोन घालतं? टाका न टाका माझा हाय!"

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. बाईंनी डाव्या हाताने सही केली.

तिकडच्या कोर्टात सुदर्शन सांगत राहिला की बॅग रात्रभर बजरंगच्या घरी होती. बजरंगने हात वर केले. मग बाईंचा कागद वाचला गेला. टाका न टाका घरचाच, म्हणजे गोधडी वाटेत कोणी उसवलीच नाही. सुदर्शनला फाशीची शिक्षा झाली.

त्या कागदाने काय केलं ते बाईंना दोन वर्षांनी कळलं, सुदर्शनच्या बहिणीकडून. सुकन्या नांदेडला मेडिकलच्या दुकानात काम करायची. ती कळवळून सांगत होती आणि बाई ऐकता ऐकता एका गिऱ्हाइकाच्या गोधडीचा चौथा कोपरा शिवत होत्या. सुई तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. तेव्हापासून तीन कोपरे सरळ व्हायचे आणि चौथ्यावर सुई मोडायची. बाया चौथा कोपरा आपापल्या घरी शिवून घेऊ लागल्या. नळावर कुजबुज सुरू झाली, 'गर्दवाल्याची मावशी आली बघ.'

दर रविवारी सुकन्या यायची. बाई सांगायच्या आणि ती सुदर्शनला पत्र लिहायची. "लिही, बसस्टँडवर नवे बाकडे टाकले. त्याच्यावर कुत्रे झोपून राहिलेत अन मानसं उभी हायत." काहीही लिहायच्या, फक्त पत्र चुकू द्यायच्या नाहीत. गोधडीचा विषय मात्र काढायच्या नाहीत.

सुदर्शनचीही पत्रं यायची. खोलीतला दिवा कधी विझत नाही. माणसं नेतात ती शुक्रवारी. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, 'शेजारच्या खोलीतला गेला. आम्ही भिंतीवर बोट वाजवून बोलायचो. आता तिथं कुणी न्हाई, मी पाह्यलं. पन मावशे, भिंत वाजते. पाच वेळा. थांबते. परत पाच वेळा.'

सुकन्याने वाचून दाखवलं तेव्हा भर दुपार होती, दारात कडक ऊन होतं. तरी बाईंनी अंगावर पदर ओढून घेतला.

यंदा तुरुंगातून घरी पत्र आलं. चांगले कपडे पाठवा, कैद्याचा फोटो काढायचा आहे. सुदर्शनच्या आईने गल्लीत साखर वाटली. फोटो काढून राहिलेत म्हणजे पोराला सोडणार! तिने निळा शर्ट आणला. सुकन्या तडक बाईंकडे आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"मावशे, तिकडची वकीलबाई म्हनली, तिथं फाशीच्या आधी फोटो काढतेत. घरच्यांना ठेवायला. येत्या शुक्रवारच्या पुढचा शुक्रवार."

"आईला सांगितलंस?"

"कसं सांगू? ती शर्टाला इस्त्री करून राहिली."

तिकडच्या नव्या वकीलबाईंनी गोधडीचे मोठे फोटो पाठवले होते. सुकन्याने बोटांनी फोटो मोठा केला. बाईंनी चष्मा लावला. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. टाके त्यांच्याच हाताचे, उलटे झुकलेले. चौथ्यावर त्यांचं बोट थांबलं. तिथले टाके साऱ्या गावासारखे झुकले होते.

"ह्यो माझा न्हाई."

"तूच तर म्हनली होतीस..."

"तवा फोटो नखाएवढा व्हता, अन माझी मान लई ताठ व्हती." मग जन्मभर पोटात ठेवलेलं दाण्यांचं गुपित त्यांनी सांगून टाकलं. "वकीलबाईला म्हनाव, चारी कोपरे उसव. तिनात दाने हायत, चौथ्यात न्हाईत, बघ."

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सीलबंद, दमट खोलीत ठेवलेली गोधडी न्यायाधीशांच्या परवानगीने उघडली होती. पहिल्या तीन कोपऱ्यांत ज्वारी होती. ती अंधारातच कधीतरी उगवली होती आणि वाळून गेली होती. पांढुरकी मुळं कापडातून आरपार गेलेली, जणू गोधडीला आतून कोणी शिवत होतं.

"अन चौथ्यात," सुकन्या हिरमुसून म्हणाली, "पाच दाने हायतच की, मावशे. मग तूच शिवला असंल."

बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. दाणे गोल नव्हते. लांबट होते, पोटावर चीर असलेले. गहू.

दाण्यांचं ठाऊक असलेलं दुसरं माणूस जगात एकच होतं.

बाईंनी स्वतःचा फोन घेतला आणि नेहमीसारखा स्पीकर लावला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"काय गं माय, आज दुपारचीच?"

"शिल्पे, सुदर्शनच्या गोधडीचा चौथा कोपरा कोन शिवला?"

शिट्टी आणखी एकदा झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"ते म्हनले, सोनं हाय. थोडंसंच. पोराला कळूबी द्यायचं न्हाई म्हनले." शिल्पाचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "पकडला तवा बोलनार व्हते. पन माझ्या लेकराचं तोंड बघितलं अन... माय, मी दाने ठेवले गं. घरात ज्वारी नव्हती. पन उपाशी कशी ठेवू?"

बाईंनी फोन बंद केला. सुकन्याने सगळं ऐकलं होतं. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. शुक्रवारला चार दिवस होते.

"कागद काढ," बाई म्हणाल्या. "न्हाई, हितं नको. तहसीलात चल. शिक्का लागंल."

तहसीलासमोरच्या वकिलाने प्रतिज्ञापत्र टाइप करता करता मान वर न करता विचारलं, "हे बजरंग तुमचे कोण?"

"जावई."

"अन शिल्पा?"

टाइप करणारी बोटं थांबून राहिली.

"लेक," बाई म्हणाल्या. डाव्या हाताने सही केली आणि सुकन्याचा हात धरून पायऱ्या उतरल्या.

त्या शुक्रवारी सुदर्शनला कोणी नेलं नाही. सुटका झाली नव्हती, पण फाशी थांबली होती आणि नव्याने सुनावणी होणार होती. त्याच सकाळी लातुरात पोलिसांनी बजरंगला आणि शिल्पाला घरातून नेलं. नातवाला त्याच्या काकाने घेतलं. बाईंचा फोन तो उचलत नव्हता.

रविवारी सुकन्याने आपला फोन बाईंच्या कानाला लावला. सुदर्शनला दोनच मिनिटं मिळाली होती.

"मावशे, भिंतीचं वाजनं थांबलं बघ. शुक्रवारपासून काहीच न्हाई."

"बरं झालं, लेकरा," बाई म्हणाल्या. "शर्ट जपून ठेव. येताना घालायला हुईल."

सुकन्या गेल्यावर त्यांनी अर्धी राहिलेली गोधडी मांडीवर घेतली. चौथ्या कोपऱ्यात पाच दाणे ठेवले आणि सुई टोचली. सुई आरपार गेली, मोडली नाही. बाई शिवत राहिल्या. गल्ली उन्हात चिडीचूप होती.

शिल्पाची लग्नाआधीची ट्रंक जिथे होती, त्या बाजूची भिंत वाजली. पाच वेळा. थांबली. परत पाच वेळा.

त्या भिंतीपलीकडे घर नव्हतं, किल्ल्याचा खंदक होता.

बाईंनी सुई गोधडीला खोचली, उठून भिंतीजवळ गेल्या आणि डाव्या हाताच्या बोटाने हळूच पाच वेळा वाजवलं.