पाहुण्यांचं खातं

लातुरात घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे दारात हातपंप असण्यासारखं. येईल त्याने हापसायचं. कुणी तिकीट काढतं, कुणी सातबारा, आणि जाताना आपला ईमेल उघडाच टाकून जातं. आईच्या मते पाणी, चहा, पोहे आणि कॉम्प्युटर हे पाहुण्यांचे हक्क आहेत. पण मी त्याच कॉम्प्युटरवर एका क्लासच्या टेस्टचे पेपर टाईप करते. पेपर फुटला तर नोकरी त्याच दिवशी संपेल, असं सरांनी मला अगदी हसत हसत सांगितलंय. म्हणून मी पाहुण्यांसाठी वेगळं खातं उघडलं. त्यात इंटरनेट चालतं, माझ्या फायली दिसत नाहीत.

हे खातं सगळ्यात जास्त झोंबलं मावशीला. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून अहमदपूरचं घर काकांवर सोडून ती इथे खोली घेऊन राहते आणि मुलीवर पहारा देते. मुलगी आमच्याच क्लासला. टेस्टच्या आदल्या दिवशी दोघी आल्या, सोबत डबाभर धपाटे. एवढे धपाटे म्हणजे काम मोठं होतं.

"पोरीचा प्रोजेक्ट हाय, बसू दे की जरा."

मी पाहुण्यांचं खातं उघडून दिलं. मावशी पडद्याकडे बघत राहिली.

"ह्यात तर कायच न्हाई. तुझं उघड की. भरोसा न्हाई का गं आमच्यावर?"

भरोसा पूर्ण होता, म्हणून तर वेगळं खातं काढलं होतं. आई डोळ्यांनी दटावत होती, तरी मी सरळ नाही म्हणाले. मावशी तणतणत स्वयंपाकघरात गेली. जाताना मुलीला म्हणाली, "नीट बघ, सापडंल."

मुलीने काहीच शोधलं नाही. माऊसवर हात ठेवून ती पेंगत होती.

"ताई, सापडलं न्हाई म्हणून आईला सांगू नको. आज पण झोपू देणार न्हाई ती."

मला भडभडून आलं आणि मावशीचा संतापही आला. सापडलं म्हणावं, तर माझी नोकरी गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "मावशी, आज राहू दे तिला इथंच. कॉम्प्युटर माझ्याच खोलीत आहे."

मावशीचा राग कुठल्या कुठे पळाला. मला आग्रहाने धपाटा वाढून ती एकटीच रिक्षाने खोलीवर गेली. मी कॉम्प्युटर बंद केला. मुलगी दिवेलागणीलाच जेवून झोपली, ती सकाळी मी उठवेपर्यंत.

मार्क नेहमीसारखेच आले. तेव्हापासून मावशी माझ्याशी बोलत नाही. पण प्रत्येक टेस्टच्या आदल्या दिवशी मुलीला प्रोजेक्टसाठी न चुकता पाठवते. मी चादर झटकून ठेवते.