मोठ्यानं वाचणारी मैत्रीण

हैदराबादेतल्या जामबागच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी मराठी इतकं झरझर वाचायची, की मला नवल वाटायचं. आमच्या घरी कैक पिढ्यांची मराठी, पण मी इंग्रजी शाळेतली. दुकानाची पाटी वाचतानाही अडखळायचे. ती तर तेलुगू शाळेत शिकलेली.

"कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"पप्पांनी. डोळे गेल्यावर."

तिचे वडील नांदेडकडून हैदराबादला आलेले, वेल्डिंगचं काम करायचे. ती तिसरीत असताना कारखान्यात स्फोट झाला नि त्यांची दृष्टी गेली. आई अंबरपेठेतल्या एका दवाखान्यात कामाला लागली. शाळेतून आल्यावर घरात हे दोघंच. वडील कुणाशी बोलेनात, जेवेनात. एके दिवशी अचानक म्हणाले, "पेपरात काय आलंय?" पेपर मराठी, आणि हिला मराठी अक्षर येत नव्हतं. मग ती एकेक अक्षर त्यांच्या तळहातावर बोटानं गिरवायची आणि ते ओळखून सांगायचे. एक मथळा वाचता वाचता दिवेलागण झाली.

"त्या दिवशी पप्पा पोटभर जेवले," ती म्हणाली.

"तुला राग नाही यायचा? बाकीच्या मुली खेळायच्या…"

"यायचा की! एकदा पेपरच फाडला मी. पप्पा म्हणाले, फाड, उद्या दुसरा येईल."

दुसऱ्या वर्षी, आमच्या मागच्या वर्गातली एक अंध मुलगी कॉलेज सोडायला निघाली. पुस्तकं वाचून दाखवायला तिला कुणी नव्हतं. माझी मैत्रीण तिच्याजवळ जाऊन बसली. "नक्को जाऊ. आजपासून मी वाचते."

ती रोज गच्चीत बसून मोबाइलवर धडे रेकॉर्ड करायची. हळूहळू आम्हीही वाचायला लागलो. मी इंग्रजीचा धडा भराभरा वाचून मोकळी झाले, तेव्हा ती म्हणाली, "ऐकणारीला विचार करायला जागा ठेव ना जरा."

ती मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मैत्रिणीच्या मागे नातेवाइकांचा धोशा होता, बँकेची परीक्षा दे. तिनं मात्र अंध मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं.

परवा ती शिकवते त्या शाळेत गेले होते. मधल्या सुट्टीत मुली मैदानात सुसाट पळत होत्या. मी घाबरून ओरडलेच, "अगं, पडतील!"

ती निवांत चहा पीत म्हणाली, "पळू दे गं. मैदान पाठ आहे त्यांना."